विम्याचे साहेब चष्म्याच्या दुकानात

– नाही नाही, हनुवटी उचलू नका साहेब, कपाळ पट्टीला चिकटवून ठेवा, मान हलली की नंबर चुकतो – आणि उद्या तुम्हाला सरकारी समितीसमोर निवेदन वाचायचंय ना? आरोग्य विमा सरकारनं हातात घेऊ नये म्हणून? पेपरात वाचलं मी. सरकार आलं की रांगा लागतील, माणसं ताटकळत मरतील – असंच म्हणालात ना? असंच. माझी बायको रांगेत नाही मेली हो. तुमच्या कंपनीच्या एका पत्रानं मेली. खाली सही तुमची – मघाशी कार्डावर केलीत ना, तीच, लांब शेपटीची, बघताक्षणी ओळखली मी. – बसा! डावा डोळा राहिलाय अजून.

मूत्रपिंडं निकामी झाली तिची. तुम्ही लिहिलंत, साखर आधीपासून होती, ती लपवली, सबब खर्च नामंजूर. काय? सरकारी माणूसही नाकारेल? नाकारेल की! पण त्याच्या वरच्याला मतं मागायला माझ्या दारात यावं लागतं, तेव्हा त्याला उभा सोलता येतो. तुम्हाला कुठं गाठायचं? फोन केला की बाई सांगते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पाच महिने महत्त्वाचा होता. मग ती गेली.

म्हणून उद्या मीही नाव दिलंय – बरोबर तुमच्या पाठोपाठ. चारचौघांत वाभाडे काढणार आहे तुमचे. तुमची ती खुर्ची सरकारनं ओढून घेतलेली मला ह्या डोळ्यांनी बघायचीय. पुरावा काय होता हो तुमच्याकडं? एक चिठ्ठी! ‘नंबर सारखा बदलतोय, साखर तपासून घ्यावी.’ घेतली की तपासून – नव्हती साखर – लॅबवाल्यानं तोंडीच सांगितलं, रिपोर्ट आणायला कुणी गेलंच नाही. चिठ्ठी तेवढी फायलीत राहिली. फाइल मीच लावली ना, प्रत्येक कपटा तारखेनं लावायची सवय मला, तीस वर्षांची – आणि बायकोचे डोळे दुसरं कोण तपासणार? अक्षर माझं. शिक्का ह्याच दुकानाचा. मीच लिहिलं, मीच जोडलं, मीच नेऊन दिलं तुमच्या—

काय म्हणालात?

ती चिठ्ठी पाहिलीच नाही? कधीच? खालून आलं, त्यावर सही केलीत – फाइल न उघडता?



उठा. चष्मा परवा मिळेल. नाही, उद्या नाही – सही न वाचता करता ना, मग निवेदनही न वाचताच द्या. उठा म्हणतो ना.