दुसरी टाच

आदरणीय अध्यक्ष, मंचावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती बाईंचे कुटुंबीय, आमच्या संगीत नाटक मंडळीतले सहकारी आणि तिकीट काढून किंवा ओळखीने आत आलेले रसिकहो, सर्वांना नमस्कार.

आज रविवार, सतरा तारीख. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी पडद्याची दोरी तपासत होतो. तेव्हा बाईंची लेक, आमच्या ताई, येऊन म्हणाल्या, "आज पडदा उघडायचा नाही. सत्कार पडद्यापुढेच उरकायचा. आई नाचली तर गुडघा गेलाच म्हणून समज." मी हो म्हणालो. लगेच बाईंनी रंगपटात बोलावलं. "शेवटचं गाणं करणारच. टाच वाजली की पडदा. ताईला सांगशील तर बघ!" मी त्यालाही हो म्हणालो. तेव्हा अध्यक्ष महोदय, दोघींना दिलेला शब्द घेऊन मी इथे उभा आहे.

माझी शाळा सातवीत सुटली. लिहिलेलं दोनदा तपासलंय. बोलण्याची खात्री देत नाही.

बाईंनी समूहनृत्यात शेवटच्या रांगेतून सुरुवात केली. मग सिनेमा. तिथे काय मिळालं? पाय बाईंचे, चेहरा नायिकेचा! टाळ्या पडत आणि बाई मागच्या खुर्चीत बसून त्या मोजत. त्यांच्या आईने विचारलं, "यात तू कुठेयस गं?" "गुडघ्याखाली बघ," बाई म्हणाल्या. पुढे चेहराही दिसला, मोठं नाव झालं, ते आपण जाणताच. गेल्या वर्षी मात्र उलटं झालं. चेहरा बाईंचा, पाय दुसऱ्या मुलीचे. बाई चित्रीकरण सोडून नाटकात परतल्या. म्हणाल्या, "पाय मी उसने दिलेत. घेणार नाही."

आमच्याकडे पडद्यासाठी घंटा नाही. बाई विंगेत दोनदा टाच आपटतात. पहिली म्हणजे 'उभी आहे', दुसरी म्हणजे 'उघड'. दुसरीशिवाय मी दोरीला हात...

ऐकलंत? पहिली.

ताई, आपण बसा ना. ताई! गेल्या आत. रसिकहो, माना वळवू नका, इकडे पाहा. मी कुठे होतो? हां, आभार. फुलं आणणाऱ्यांचे आभार. माईकवाल्यांचे आभार. एरवी दुसरी टाच एका श्वासात पडते. आज का पडत नाही? पेटीवादकांचेही आभार.

आतलं बोलणं पुढच्या रांगेला ऐकू येत असेल.

"आई, खाली बस आधी."

"बसले तर उठवशील का? त्यापेक्षा धर मला."

"हट्टी आहेस."

"तू कुणाची लेक?"

...पडली! दुसरी पडली. पण रसिकहो, हा नाचाच्या बुटाचा आवाज नव्हे. ही सपाट चप्पल आहे. आत चप्पल घालून एकट्या ताईच गेल्यात.

मान्यवरांनी कृपया खुर्च्या थोड्या पुढे घ्याव्यात. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कमी-जास्त बोललो असेन, तर लहान समजून पोटात घाला. माझं भाषण अर्धंच झालंय, पण दोरी ओढायला दुसरं कुणी नाही. येतो.