नदीकाठी ठेवलेल्या लाकडी चपलांबाबत

नाव हात्सुए कुमागाई, वय ७१, शिक्षण शालान्त, धंदा घरकाम, राहणार मिझुकोशी, देवळामागची आळी.

निरेसावा चौकीत हवालदार ओइकावा यांनी विचारल्यावरून समोर बसून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मुलगा नोबुआकी सेंदाई शहरात नोकरीला आहे. यजमान तेइजी, निवृत्त सुतार, यांची स्मृती गेल्याने ते वसंतापासून आमच्या गावच्या शुश्रूषागृहात आहेत. मी रोज दुपारी तिथे जाते. कालच्या प्रकारानंतर मला एकटीला राहू द्यायचे की मुलाने सेंदाईला न्यायचे, हे या जबाबावर अवलंबून आहे असे मला समजावून सांगितले आहे.

भातकापणी उरकली की आम्ही दोघे दरवर्षी निरेसावाला गरम झऱ्याच्या पाण्यासाठी येत असू. सावागुची यांच्या लॉजच्या जुन्या भागात उतरायचो. तिथे शिधा आपला आणायचा आणि सामायिक चुलीवर शिजवायचा, म्हणजे परवडते. यंदा शुश्रूषागृहाने यांना बाहेर न्यायची परवानगी दिली नाही. नियम योग्य आहे, माझी तक्रार नाही. म्हणून मी एकटी आले.

मालकीणबाई किकुनो सावागुची यांनी दारातच विचारले, "एकट्याच? आणि भाऊजी?" मी म्हणाले, "मागून येताहेत." हे खोटे होते. एकट्या आलेल्या बाईला खोली द्यायला लॉजवाले कचरतात. ती डोंगरात जाऊन जिवाचे बरेवाईट करील अशी धास्ती असते. मालकीणबाईंनी खोलीत दोन गाद्या आणि दोन पेले ठेवले. मी ते परत केले नाहीत.

काल सकाळी चुलीपाशी ओनोदेरा नावाच्या एक बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "नवरा घरी ठेवून आलात? सुटलात हो! आमचा बघा, पाण्यात उकडून लालभडक होऊन बसलाय, पण मुळा किसून देईल तर शपथ!" मी म्हणाले, "आमचे हे किसून द्यायचे." त्यावर त्यांनी त्यांच्या पातेल्यातली आळंबी मला वाढली.

दुपारी जेवण आटोपून मी लॉजमागच्या वाटेने नदीवर गेले. नदीपलीकडे रानात, खडकांच्या मधोमध गरम पाण्याचे एक उघडे कुंड आहे. पलीकडे जायच्या फळ्या बर्फ पडण्याआधी उचलतात. यंदा लवकर उचलल्या होत्या. पाणी पोटरीइतके होते. पायातल्या लाकडी चपला लॉजच्या होत्या. दुसऱ्याची वस्तू भिजवू नये म्हणून त्या अलीकडच्या दगडावर जोडून ठेवल्या आणि अनवाणी पलीकडे गेले.

मालकीणबाई सांगतात की चपलांची तोंडे नदीकडे होती. ते खरे आहे. काढलेले पायताण परतीच्या वाटेकडे वळवून ठेवायचे, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही शिकवतात. पाण्याच्या काठी जोडून ठेवलेल्या चपला, आणि त्यांची तोंडे पाण्याकडे, असे दिसले की इथे कोणीही एकच अर्थ घेईल. मालकीणबाईंनी तोच घेतला आणि चौकीत फोन केला. त्यांच्या जागी मीही केला असता.

लग्न झाल्यापासून यांचे पायताण मीच वळवत आले. यांनी स्वतः कधी वळवले नाही. माझे मी वळवतेच. काल वळवले नाही. का, असे हवालदारसाहेबांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी सांगितले की, ते मलाही ठाऊक नाही.

जीव द्यायचा विचार होता का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. निघण्यापूर्वी मी मुळ्याचे लोणचे पिंपात घालून वर दगड ठेवून आले आहे. मी म्हणाले, "साहेब, मरायला निघालेली बाई लोणचं घालते का?" हवालदारसाहेब म्हणाले, "घालतात, आजी. मी पाहिलंय." त्यांनी मला चहा दिला.

मग कुंडात इतका वेळ काय करत होते, याबद्दल सांगते. शुश्रूषागृहात हे मला तिथली नोकर समजतात. रोज विचारतात, "बाई, आमची हात्सुए दिसली का कुठं?"

मी म्हणते, "कुठे गेल्यात त्या?"

"कुठे म्हणजे? पलीकडच्या कुंडात. एकदा बसली की उठायचं नाव घेत नाही! हाका मारून घसा सुकला माझा. जरा बोलावता का तिला?"

मी "बोलावते हं" म्हणते, कपड्यांच्या घड्या घालते आणि निघते.

म्हणून काल मी त्या कुंडात जाऊन बसले. पूर्वी बसायचे तिथेच, वाकड्या खडकाला पाठ टेकून. हाक येते का ते ऐकत होते. नदीचा आवाज फार आहे. अमिदा बुद्धाचे नाम घेत होते, तेही मध्ये थांबवले, कारण ओठ हलत असले की नीट ऐकू येत नाही. पाने पाण्यात पडत होती, ती मी बाजूला काढत होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

अंधारू लागले तेव्हा अलीकडे विजेऱ्या दिसल्या आणि "कुमागाईबाई! ओ कुमागाईबाई!" अशा हाका आल्या. मला ऐकू आल्या होत्या. मी ओ दिली नाही. त्या हाका वेगळ्या होत्या.

मालकीणबाई किमोनो खोचून पाण्यातून आल्या. माझा दंड धरून रडत म्हणाल्या, "अहो, जीव घेता का आमचा? ओ द्यायला काय झालं होतं तुम्हाला?" मी त्यांची माफी मागितली. त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता बास. मी येतोय, सामान आवर. तू जातेस की नाही, ते बाबांना कळतं तरी का?" तो मनाचा चांगला आहे. त्याला लांबून यावे लागते, हे मला समजते. परंतु मी सेंदाईला जाण्यास तयार नाही. मला रोज दुपारी शुश्रूषागृहात जायचे आहे. यांना काय कळते आणि काय नाही, ते मी सांगू शकत नाही. मी गेले नाही तर ते कोणाला विचारतील, हे मला माहीत नाही.

वरील मजकूर हवालदार ओइकावा यांनी मोठ्याने वाचला, मी तो बसून ऐकला, आणि मी बोलले तसाच तो उतरला आहे. सहीच्या जागी मारायचा घरचा शिक्का सोबत नसल्याने बोटाचा ठसा उमटवला. वाचून झाल्यावर एक गोष्ट खाली जोडायला मी सांगितली. ती अशी की, चौकीतून शुश्रूषागृहाला कळवायचे झाल्यास यांना घाबरवू नये. हात्सुए कुंडातच होती, सापडली, आणि येते आहे, एवढेच सांगावे.