टकल्या साहेबाचा चौथा खेळ

(आंबागड. मंडईची जत्रा आटोपल्यानंतरची सकाळ. फिरत्या टॉकीजचा तंबू अर्धा उतरवलेला. टॉकीजचा मालक भैय्यालाल ट्रकपाशी उभा. इंग्रजी पिक्चरची गोष्ट भोंग्यावरून गावच्या बोलीत सांगणारा टेकचंद दोर गुंडाळतो आहे. जंगलकामावरचा मुकादम मारोतराव कुऱ्हाड घेऊन आला आहे.)

मारोतराव : दोर ठेव खाली. पुन्हा इचारनार नाही मी. कुठी हाये ती?

टेकचंद : कोन, मुकादम?

मारोतराव : माही बायको. रुखमा. काल राती खेळाले बायांच्या बाजूनं बसली होती. खेळ सुटला, सारं गाव घरी गेलं, ती आली नाही.

टेकचंद : बायांची बाजू भरली होती. मी पडद्याकडं पाहतो, बायांकडं नाही पाहत.

मारोतराव : कोंढ्याले मायच्या घरी पळाली म्हनावं, तर त्या वक्ती एसटी नाही. वावरात पाह्यलं, तलावावर पाह्यलं. राह्यला तुमचा तंबू.

भैय्यालाल : मुकादमसाहेब, सकाळी सकाळी कुऱ्हाड कायको? बसा जरा. चाय मंगवतो मी, एकदम कडक.

मारोतराव : शेट, तू मधात बोलू नको. हा तंबू मी उभा करू देल्ला, मीच फाडीन. हे पाय.

भैय्यालाल : अरे, अरे! कनात हाये ती, भाऊ! दिवाळीलेच नवी शिवली!

मारोतराव : दुसरी फाडू?

भैय्यालाल : नको, नको. हात जोडतो.

टेकचंद : शेट, तुमी ट्रक काढा. आज तुमसरले खेळ लावाचा हाये ना? उरलेलं सामान मी बैलबंडीनं आनतो.

भैय्यालाल : तुले एकट्याले सोडून? याच्यासंगं?

टेकचंद : जा म्हनलं ना. मुकादमाले माह्यासंगं पिक्चरवर बोलाचं हाये.

मारोतराव : थांब, शेट. ट्रकमधी काय हाये?

भैय्यालाल : ट्रकमधी? काय राहनार? खुर्च्या, मशीन, पडदा. अन् ती गुंडाळलेली कनात.

मारोतराव : लय जाड गुंडाळली. सरक. कुऱ्हाड खुपसून पाहतो.

भैय्यालाल : मुकादमसाहेब, कनात फाटन! ऐका तर!

टेकचंद : मुकादम, कालची चपलांची गोष्ट लय झोंबली वाटते तुमाले.

मारोतराव : काय म्हनला?

टेकचंद : चपला. काल भोंग्यावर मी सांगतलं ना, मारनाऱ्यानं मुडद्याच्या चपला घरून आनून तलावाच्या काठावर ठेवल्या. सारं गाव मान वळवून तुमच्याकडंच पाहून राहिलं होतं. तुमी मात्र विडी इझवली अन् खाली पाहत बसले. भेले होते का, मुकादम?

मारोतराव : भेलो? मी? हे घे! अन् हे घे!

टेकचंद : आई गं! दात… दात गेला. शेट, पाहत काय राहिले? जा ना!

भैय्यालाल : चाललो, चाललो बापा. देवा रे, काय आफत हाये!

मारोतराव : जाऊ दे त्या भित्र्याले. मले तूच पाहिजे होता. ऊठ. रगत पुस अन् सांग. चपला कोनं सांगतल्या तुले?

टेकचंद : टकल्यानं.

मारोतराव : कोन टकल्या?

टेकचंद : डायरेक्टर. पोस्टरवर चिरूटवाला टकल्या साहेब हाये ना, गावानंच त्याचं नाव पाडलं. चारही राती त्याचेच खेळ होते. स्वतःच लिहिते, स्वतःच पिक्चर काढते. नागपूरवाला त्याच्या पिक्चरचे डबे एका गठ्ठ्यानं देते, दुसरं कोनी घेत नाही म्हनून.

मारोतराव : तो अमेरिकेतला. माह्या तलावावरचं त्याले काय मालूम?

टेकचंद : तुमच्या तलावावरचं काय, मुकादम?

मारोतराव : भोजराज. माहा साळा. दुष्काळाच्या साली तलावात बुडाला, साऱ्या गावाले ठाऊक हाये.

टेकचंद : मंग तुमी कायले घोर करता? टकल्याच्या पिक्चरमधला साळा बुडत नाही. त्याले बुडवते.

मारोतराव : हात आन इकडं. माईक धरते तो. त्या दगडावर ठेव.

टेकचंद : मुकादम, पोट हाये माह्यं त्या हातावर.

मारोतराव : ठेव. उलट्या बाजूनं मारतो, धारेनं नाही. धार मागून.

टेकचंद : नका… नका… आई! आई गं मेलो! बोटं… बोटं गेली माही!

मारोतराव : दोनच गेली. तीन हायेत अजून. बोल, रुखमानं सांगतलं का तुले? तसं असन तर ती सापडू दे फक्त. भावाच्या जागीच भावाकडं धाडतो तिले.

टेकचंद : बोलतो. जरासं थांबा, उलटी येऊन राहिली. हां. पाहा मुकादम, रुखमाबाईचा काही संबंध नाही. टकल्याची खोडच हाये ती. चारही पिक्चर एका रांगेत लावून पाहा, मंग तुमाले समजन. नंबर लावू का?

मारोतराव : नंबर कायचे लावते? पहिल्या रातीचं एक नंबर. गाव म्हनते तेच.

टेकचंद : लंगड्या साक्षीदाराचं? ते तिसऱ्या नंबरचं हाये.

मारोतराव : तिसऱ्या? डोस्कं ठिकानावर हाये का तुह्यं? लंगडा खोटी साक्ष देते, गरीब मानूस फासावर जाते, अन् मंग त्याचा भाऊ लंगड्याले कोठारात कोंडून पेटवून देते! पोरं बाकड्यावर चढली होती. म्या स्वतः शिटी मारली.

टेकचंद : आग झकास होती, नाही कोन म्हनते? पन तुमी सारे आगच पाहत बसले. कोठाराची कडी बाहेरून कोनं लावली?

मारोतराव : भावानं.

टेकचंद : लंगड्याच्या बायकोनं. भाऊ काडी ओढते, कडी ती लावते. एक शब्द बोलत नाही. पदर सारखा करते अन् निघून जाते.

मारोतराव : तसं होतं?

टेकचंद : होतं. मी भोंग्यावर सांगतलंही. शिट्यांत कोनाले आयकू येते?

मारोतराव : बरं. अन् पेटीतल्या मुडद्याचं? रेल्वेवालं?

टेकचंद : शेवटचा नंबर.

मारोतराव : का बे? डब्याच्या टपावर काय हानाहानी होती! एकाचं मुंडकं पुलाले आपटते…

टेकचंद : टपावरची हानाहानी कोनीही दाखवते. त्यात टकल्याचं स्वतःचं काहीच नाही. तवा त्याच्या घरी कोनीतरी आजारी असन, त्यानं हात झटकले. तिसऱ्या रातीचं पाहा, खानावळवालीचं. ते दोन नंबर.

मारोतराव : थू! बायको नवऱ्याले जेवनातून इख देते, ते काय पिक्चर हाये? अर्ध्यातून उठलो मी.

टेकचंद : म्हनूनच तुमाले कळलं नाही. तो रोज तिले पट्ट्यानं झोडपते. ती रोज त्याले गरम वाढते. तो म्हनते, मीठ कमी, ती मीठ देते. अर्धं पिक्चर ते दोघं नुसते जेवून राहिले असतात, अन् आपन तिच्या हाताकडंच पाहत बसतो. बायांच्या बाजूनं काय टाळ्या पडल्या!

मारोतराव : रुखमानं वाजवल्या?

टेकचंद : मले काय मालूम? अंधार होता.

मारोतराव : वाजवल्या असन. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी होतं. मी मांगितलं नाही, थाळी फेकून मारली. कपाळ फुटलं तिचं, तरी तशीच उभी. रडली असती तर सोडलं असतं मी. रडतच नाही ती, भोजराज गेला तवापासून.

टेकचंद : भोजराज कायले आला होता, मुकादम?

मारोतराव : तिले न्यायले. म्हने, माह्या बहिणीच्या अंगावर जागा राह्यली नाही, मी तिले कोंढ्याले नेतो. माह्या ओसरीवर बसून, माह्या थाळीत जेवून, मलेच म्हनते!

टेकचंद : अन् तुमी त्याले म्हनले, चाल, तलावाकडं फिरून येऊ.

मारोतराव : हे तू पिक्चरमधलं सांगून राहिला का माह्यं?

टेकचंद : पिक्चरमधलं. एक नंबर, काल रातचं. साळा अन् भाटवा, म्हनजे त्याच्या बहिणीचा नवरा, काठावर उभे. चांदनं पडलं. भाटवा त्याच्या खांद्यावर हात ठेवते. साळ्याले वाटते, मानला वाटते आपला भाटवा. अन् तेवढ्यात भाटवा त्याचा गळा धरते, दोन्ही हातांनी, आवळते, आवळते…

मारोतराव : चूक हाये ते.

टेकचंद : काय चूक?

मारोतराव : कालच म्हनत होतो मी मनात, टकल्याले काही समजत नाही. तरन्या मानसाचा गळा असा हातात येते का? लाता झाडते तो, दोघंही पडतात. मांगून ढकला लागते. तोंडावर पडला की मानेवर पाय द्याचा. साऱ्या अंगाचा भार. पानी गुडघाभर असलं तरी चालते, खाली चिखल पाहिजे. हात मारते थोडा वेळ. चिखल उकरते. मंग नुसती बोटं हालतात.

टेकचंद : मानेवर पाय?

मारोतराव : काय पाहतो माह्याकडं?

टेकचंद : काही नाही. मंग तुमी एक नंबर नाही देत त्याले?

मारोतराव : नाही देत. खोटं दाखवलं.

टेकचंद : दुष्काळाच्या साली तलावात गुडघाभरच पानी होतं, मुकादम. गाव तेवढं पानी पाहत होतं रोज. तरी साऱ्यांनी मानलं, पोहनारा पोट्टा बुडाला.

मारोतराव : मानन नाही तर काय करन? जंगलातलं काम कोन देते त्याईले? काल चपलांचं आयकलं, माह्याकडं पाह्यलं, अन् गेले घरी गुपचूप. आजही कोनी येनार नाही. तू कितीही बोंबल.

टेकचंद : ते पाहूनच राहिलो मी. मघापासून दोन बंड्या गेल्या बाजूनं. बैलांनी मान वळवली, मानसांनी नाही.

मारोतराव : आता आयक. नंबर झाले तुहे. त्या चपला भोजराज ओसरीवरच सोडून आला होता, अनवाणी. मंग मी घरी येऊन नेल्या. तवा रुखमा दारात उभी होती. तिच्याशिवाय कोनीच पाह्यलं नाही. टकल्याचा बाप आला तरी त्याले हे लिहिता येनार नाही. म्हनजे तिनंच सांगतलं. अन् ती कुठी हाये हेही तुले ठाऊक हाये. हे पाय, धार फिरवली. हात नाही, आता मान ठेव.

टेकचंद : मुकादम, मले भेव लागून राहिलं. मघाशी धोतरात झालं माह्या, तुमी पाह्यलंच असन.

मारोतराव : पाह्यलं. मान ठेव.

टेकचंद : ठेवतो. ट्रकचा आवाज येते का कुठून?

मारोतराव : कवाचा गेला ट्रक. तुमसरच्या सडकेले लागला असन.

टेकचंद : भैय्यालाल भेकड हाये, पन गाडी जोरात हाकते. सडकेवर पोलीस ठानं हाये ना, तुमसरच्या अलीकडं?

मारोतराव : काय बडबडून राहिला?

टेकचंद : खरं सांगतो आता. मले इंग्रजीचं अक्षर येत नाही. दंडारीत सोंगं करत होतो मी, शेटनं उचलून आनलं. पडदा पाहतो अन् जोडतो. काल दुपारी रुखमाबाई आमच्याइथं पान्याची घागर घेऊन आली. कपाळाले चिंधी होती. म्हने, भाऊ, या गावात माह्यं कोनी आयकत नाही, तुमच्या भोंग्याचं सारे आयकतात. एक डाव माह्या भोजराजचं सांगा. मले नाही म्हनता आलं नाही.

मारोतराव : तिनंच… म्हनजे पिक्चरमधी ते नव्हतंच?

टेकचंद : नव्हतं.

मारोतराव : दोन मानसं पान्यात पडली ती? म्या माह्या डोळ्यानं पाह्यली!

टेकचंद : पडली. खेळून राहिली होती ती, मुकादम. एकमेकाच्या अंगावर पानी उडवत होती, मांगून बदकं पळत होती. हसाचं पिक्चर हाये ते, टकल्यानं एवढं एकच काढलं. पडद्यावरची मानसं हसून हसून लोळत होती, अन् तुमी सारे श्वास धरून बसले होते. म्हनून ते एक नंबर.

मारोतराव : मंग मरते कोन त्यात?

टेकचंद : कोनीच नाही मरत. शेवटी ती बाई गाडीत बसते अन् मायच्या घरी जाते.