फ्रेंच क्रियापदांचे लघु-गुरू

देवाशप्पथ सांगतो, हा किस्सा शंभर टक्के खरा आहे. बरं, नव्वद धरा.

आमची सई नववीत. शाळेत फ्रेंच घेतलंय. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बाबा, ही क्रियापदं म्हणायची कशी?" आता घरात मी कायम सांगत आलोय, की निफाडच्या द्राक्षबागेत एका फ्रेंच पाहुण्याबरोबर महिनाभर राहिलो आणि फ्रेंच तिथंच शिकलो. मागं कसं सरणार? पेन्सिल घेतली आणि आपण कवितेच्या ओळीचे पाडायचो, तसे क्रियापदांचे लघु-गुरू पाडले. लिहिलंय ते सगळं म्हणायचं, एक अक्षर सोडायचं नाही. "पार-लें-ट" असं चालीत घोकून घेतलं.

परीक्षेनंतर मॅडमनी मला बोलावलं. "अहो, यातली शेवटची अक्षरं फक्त लिहायची असतात. तोंडाने नुसतं 'पार्ल'. हिला पाचदा सांगितलं, ऐकतच नाही."

सई शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही पुस्तकातून शिकलात. माझे बाबा फ्रेंच माणसाकडून शिकलेत."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीवरचा फ्रान्सचा नकाशा बघत राहिलो.

मार्क गेले ते गेलेच. गंगापूर रोडने घरी येताना स्कूटरवर मागं बसून पोरगी मलाच समजावत होती, "जाऊ दे बाबा, मॅडमना नाही कळत."

आता राहिले दहा टक्के. मॅडम, नकाशा, स्कूटर, सगळं खरं. फ्रेंच पाहुणा तेवढा मी बनवलेला. तुम्हाला सांगून टाकलं. सईला अजून सांगायचंय.