गार पाण्याचा नळ

तोमेयो : अहो, भिंतीवर टकटक काय करताय? तोंडाने सांगा काय हवंय ते.

इसोकिची : कळतंय तुला.

तोमेयो : साबण हवाय, ते कळतंय. लग्न झाल्यापासून या गावच्या हौदावर बायकांच्या न्हाणीतून पुरुषांच्या न्हाणीत साबण फेकतेय मी. पण ‘तोमेयो, साबण दे’ असं एकदा कानावर आलं नाही. घ्या. लागला का?

इसोकिची : डोक्याला.

तोमेयो : मग नेम बरोबर बसला. पाहुणा कुठंय?

इसोकिची : बाहेर कपडे काढतोय. काढतोय कसला, घड्या घालतोय. शर्टाची घडी, पायमोज्यांची घडी. टोकियोचा माणूस. तुझ्या बाजूला कुणी आहे का?

तोमेयो : कोण असणार? आपल्या आळीत या वेळेला आंघोळीला येणारं उरलंय कोण?

इसोकिची : मग ऐक. गरम पाण्याच्या झऱ्याची फळी मी पूर्ण उघडून ठेवलीय. हौदात अंडं सोडलंस तर उकडून निघेल. पाहुणा आत उतरणार, चटका बसणार, गार पाण्याचा नळ सोडणार. सोडला, की मी गावची जुनी प्रथा सांगणार.

तोमेयो : गार पाणी सोडेल त्याने दुसऱ्या दिवशी हौद घासायचा, ती?

इसोकिची : तीच.

तोमेयो : काल रात्री अंथरुणात सांगत होतात तेव्हा मला वाटलं, झोपेत बरळताय. अहो, उद्या हौद घासायची पाळी आपली आहे. त्याला सरळ विचारा ना. गुडघे वाकत नाहीत, जरा घासून दे म्हणावं. चांगला मुलगा आहे.

इसोकिची : दूरवरून आराम करायला आलेल्या पाहुण्याला हौद घासायला सांगू?

तोमेयो : परवा लाकडं फोडून घेतलीत ती?

इसोकिची : ती मनःशांतीसाठी. त्यालाच परंपरा हवी होती.

तोमेयो : आणि काल मुळे धुरावर टांगायला शिडीवर चढवलंत?

इसोकिची : ते श्वासासाठी.

तोमेयो : बरं, मग शेजारच्या तोराकिचीला सांगा.

इसोकिची : तोराकिचीला सांगितलं की दुपारच्या आत खालच्या पुलापर्यंत बातमी. हामानो नवरा-बायकोचं काय झालं, विसरलीस? एकदा पाळी चुकली. सगळे म्हणाले, असू दे, असू दे, आता तुम्ही विश्रांती घ्या. पाळीची पाटी त्यांच्या दारावरून शेजारच्या दारावर गेली, ती काही परत आली नाही. बर्फ वितळलं आणि मुलगा येऊन दोघांना घेऊन गेला. आपला मुलगा ताकाओही तेच म्हणतोय. पाळी जमेनाशी झाली की सेंदाईला त्याच्या घरी यायचं. मी शब्द दिलाय त्याला.

तोमेयो : दिलात कशाला?

इसोकिची : तेव्हा गुडघे बरे होते.

तोमेयो : मला नाही जायचं त्या नवव्या मजल्यावर. तिथल्या टबात गुडघे छातीला लावून बसावं लागतं, आणि भिंतीपलीकडे कोण आहे ते देवाला ठाऊक. मी साबण कुणाच्या डोक्यात घालू तिथे?

इसोकिची : म्हणूनच सांगतोय, मध्ये बोलू नकोस. आला तो. हा घे तुझा साबण.

(पाहुणा रियोहेई डोक्यावर छोट्या टॉवेलची घडी ठेवून आत येतो.)

रियोहेई : आजोबा, उतरू का?

इसोकिची : या, या. अंग धुतलंत ना? आज पाणी अगदीच कोमट आहे बघा.

रियोहेई : हो का. मग… आई गं.

इसोकिची : काय झालं?

रियोहेई : आईची आठवण झाली. छान आहे पाणी.

इसोकिची : नळ तुमच्या डाव्या हाताला आहे.

रियोहेई : बघितला. सुरेख नळ आहे.

इसोकिची : संकोच करू नका. शहरातली कातडी नाजूक असते.

रियोहेई : नको आजोबा. गावातले जसे बसतात, तसंच बसायचंय मला. त्यासाठी तर आलो एवढ्या लांब.

तोमेयो : पाहुणे, मोठमोठे सुमो पैलवानसुद्धा इथे नळ सोडतात हो.

रियोहेई : ती मोठी माणसं, आजी. त्यांना शोभतं.

इसोकिची : तुमचे कान लाल झालेत.

रियोहेई : तुमचं टक्कल लाल झालंय.

इसोकिची : ते असंच असतं.

तोमेयो : असं नसतं. अहो, जरा वर येऊन बसा बघू.

इसोकिची : पाहुणा पाण्यात असताना यजमानाने उठायचं नसतं.

रियोहेई : आणि वडीलधारे पाण्यात असताना धाकट्याने उठायचं नसतं. मला आईने शिकवलंय.

तोमेयो : फार छान शिकवलंय. म्हणजे दोघंही शिजणार. मी घरी जाऊन भात लावते, तुम्ही मऊ झालात की हाक मारा.

इसोकिची : पाहुणे, हात नुसता लांब केलात तरी नळ येतो हाताशी.

रियोहेई : तुमचाही पोचतोय, आजोबा.

इसोकिची : मला काय गरज? मला तर थंडी वाजायला लागलीय.

रियोहेई : मलासुद्धा.

तोमेयो : अगंबाई, मग दोघांना गोधड्या आणून देऊ का?

इसोकिची : तोमेयो…

तोमेयो : आवाज असा का येतोय तुमचा?

इसोकिची : छताला दिवे दोन कधी लावले?

रियोहेई : आजोबा? आजोबा, माझा खांदा धरा.

तोमेयो : खड्ड्यात गेली तुमची प्रथा. मीच सोडते गार पाणी. खालून हौद एकच आहे, येईल तिकडे. हं, सोडलं. येतंय का?

रियोहेई : येतंय, आजी. काठावर बसवलंय मी त्यांना. आजोबा, हा गार टॉवेल डोक्यावर धरा. आता दिवे किती?

इसोकिची : एक. अगं, काय केलंस हे?

तोमेयो : विधवा व्हायचं टाळलं.

रियोहेई : पण आजोबा, प्रथेप्रमाणे आता उद्या हौद आजींनी घासायचा ना?

इसोकिची : प्रथा… तुम्हाला कुणी सांगितली?

रियोहेई : तुम्हीच. काल रात्री. तुमच्या घरातल्या भिंती कागदाच्या आहेत, आजोबा. मी त्यांच्याच पलीकडे झोपलो होतो.

तोमेयो : अरे देवा. सगळं ऐकलंत?

रियोहेई : प्रथा ऐकली, पाटी ऐकली, सेंदाईचं ऐकलं. तोराकिचींच्या बायकोच्या खोट्या केसांविषयी तुम्ही जे म्हणालात, तेही ऐकलं.

तोमेयो : ते तेवढं विसरा हं.

इसोकिची : एवढं कळलं होतं, तर उकडत कशाला बसलात? घासतो म्हणायचं की.

रियोहेई : कसं म्हणू? तुम्ही विचारलंत कुठे? खरं सांगू, मीही असाच आहे. ऑफिसात एकदाही कुणाला म्हटलं नाही की मला हे एकट्याला जमत नाहीये. एके दिवशी लिफ्टमध्येच खाली बसलो. डॉक्टर म्हणाले, डोंगरात जा, साध्या माणसांत राहा. म्हटलं, ही माणसं तरी एकमेकांकडे मदत मागत असतील, बघून शिकू. तर तुम्ही माझ्याहून अवघड निघालात.

तोमेयो : ऐका. मी इतकी वर्षं हेच सांगतेय, पण मला त्याचे कुणी डॉक्टरसारखे पैसे देत नाही.

इसोकिची : पाहुण्याकडे कसं मागायचं?

रियोहेई : लाकडं फोडून घेताना मी पाहुणा नव्हतो?

इसोकिची : गुडघे वाकत नाहीत.

रियोहेई : काय म्हणालात?

इसोकिची : कागदाच्या भिंतीपलीकडचं ऐकू येतं आणि इथे मांडीला मांडी लावून बसलोय ते येत नाही?

रियोहेई : नाही येत.

इसोकिची : माझे गुडघे वाकत नाहीत, रियोहेई. उद्या लोक यायच्या आत हौद घासायचाय. ही पाटी दारावरून गेली तर आम्हाला गाव सोडावं लागेल, आणि मला फार भीती वाटते त्याची. घासून देशील का?

रियोहेई : देईन. पण तोराकिची डोकावले, तर तुम्ही काठावर उभं राहून माझ्यावर ओरडायचं. कोपरे राहिले, शहरातले आळशी, असं काहीतरी. म्हणजे तुम्ही मला शिकवताय असं दिसेल.

तोमेयो : ते त्यांना शिकवायला नको.

इसोकिची : आणि पुढच्या पाळीला?

रियोहेई : मला फोन करा. नाहीतर तोराकिचींना विचारा. एकदा विचारून झालंय, आता तेवढं जड जाणार नाही.

इसोकिची : जाईल. पण बघतो. वळ तिकडे, पाठ चोळून देतो तुझी. तोमेयो.

तोमेयो : काय? करा की टकटक.

इसोकिची : जरा साबण देतेस का?

रियोहेई : आजी? ऐकू आलं का?

तोमेयो : आलं. पण त्यांना म्हणावं, पुन्हा एकदा म्हणा.