आप्पांचा दम का तुटला

मंडळी,

मला उभं राहायला वेळ लागतो, तेवढा द्या. आणि कुणी मध्येच उठून जाऊ नका. चहा झाल्यावर जा.

सकाळपासून मी ठरवत होतो की सख्याबद्दल चार गोड शब्द बोलायचे आणि बसायचं. तुमचा आप्पा, माझा सख्या. एका वर्गातले आम्ही. पण माझ्या आधी आपले अध्यक्ष बोलले, आणि ते गोड शब्द माझ्या तोंडातून निघून गेले.  संतापाने होतं असं कधी कधी.

अनंता, तुला अनंतराव म्हणायला हवं, गावाच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष आहेस तू. पण तुझं नाक मी पुसलेलं आहे, तेव्हा अनंताच म्हणतो. आत्ता तू या माईकवरून काय म्हणालास? "आप्पांनी शिमग्याला देवाचा शब्द अर्धा टाकलान, म्हणून देवाने त्यांना उचललान." आणि पुढे म्हणालास की येत्या शिमग्याला पालखी आप्पाच्या अंगणात जाणार नाही. नवा कौल लागेपर्यंत त्या घराला ओटी भरता येणार नाही. तिकडे कोपऱ्यात काशीवहिनी बसल्यात. त्यांच्या कपाळावरचं कुंकू पुसून महिना झाला नाही, आणि हे तू शोकसभेत बोललास. शोक म्हणतात याला?

मी त्यावरच बोलणार आहे. आवडणार नाही तुम्हाला.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या गावात पालखी सहाणेवर बसली, म्हणजे त्या चिऱ्यांच्या चौथऱ्यावर, की गाऱ्हाणं घालतात. गावाच्या वतीने देवाशी बोलायचं. ते काम सख्याच्या घराण्याकडे. शेवटचं वाक्य लांबलचक, आणि ते एका दमात म्हणायचं, मध्ये तोडायचं नाही. मग सगळा गाव ओरडतो, "व्हय म्हाराजा!" दम तुटला तर देवाने ऐकलं नाही असं समजायचं. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. ज्याने केला त्याची छाती दणकट असणार, एवढं नक्की.

सख्याची छाती दणकट होती. का होती सांगू? आमच्या गुरुजींमुळे. शाळा तेव्हा देवळाच्या पडवीत भरायची. दुपारी समुद्राकडून वारा आला की सुरंगीच्या फुलांचा वास वर्गात यायचा, आणि गुरुजी गणिताची पुस्तकं मिटायला लावायचे. "निजा," म्हणायचे. आम्ही शेणाने सारवलेल्या जमिनीवर उताणे. प्रत्येकाच्या पोटावर त्याची पाटी. "कविता म्हणा. पाटी वर गेली पाहिजे. खांदे उचलू नका." गलबताची एक कविता होती, तिच्या ओळी लांब लांब, मध्ये टेकायला जागा नाही. माझी पाटी थरथरायची. सख्याची पाटी भरतीच्या पाण्यावरल्या होडीसारखी हलकेच वर जायची आणि ओळ संपेपर्यंत सावकाश, सावकाश खाली यायची. अजून डोळ्यांपुढे आहे. पाटीवर खडूने काढलेला मोर होता. तोही वरखाली व्हायचा.

आम्हाला वाटायचं, गुरुजींची लहर. ती लहर नव्हती. ते शास्त्र होतं. हे मला या वर्षी, रत्नागिरीत, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आणि आज मी तुम्हाला समजावणार आहे. दिगू, जांभई देऊ नकोस. जांभई द्यायलाही तोच स्नायू लागतो.

ऐका. श्वास फुफ्फुस घेत नाही. फुफ्फुसाला स्वतःहून फुगताच येत नाही. लोहाराचा भाता आपोआप उघडतो का? कुणीतरी ओढावा लागतो. आपल्या छातीत आणि पोटात एक पडदा आहे. मांसाचा, आडवा, उपड्या टोपासारखा वर फुगलेला. श्वासपटल म्हणतात त्याला. तो आकसला की खाली सरकतो, टोपाचं ताट होतं. वर छातीत जागा होते, हवा आत येते. खाली पोटातला ऐवज दाबला जातो, म्हणून पोट पुढे येतं. म्हणून पाटी वर! कळलं? गुरुजी आमचा पडदा तपासत होते.

दुसरे कामकरी बरगड्यांच्या मधले. बादलीची कडी बाजूला पडलेली असते आणि आपण ती उचलतो, तशा ते बरगड्या उचलतात. छाती रुंद होते. आणि तिसरे मानेतले. ते एरवी श्वासाच्या कामाला येत नाहीत. माणूस चढ चढला, धावला, घाबरला, तरच हाकेला धावतात. बसल्या जागी कुणाच्या मानेच्या दोऱ्या ताणलेल्या दिसल्या, श्वासागणिक खांदे वर जाताना दिसले, तर समजायचं, पडदा थकलाय.

श्वास सोडायला मात्र साधारणपणे काही करावं लागत नाही. ताणलेलं आपलं आपण सैल होतं. पण गाऱ्हाण्याला तसं चालत नाही. हवा भसकन सुटली तर शब्द कशावर तरंगणार? म्हणून ज्यांनी हवा ओढली तेच सुरुवातीला लगाम धरून ती थोडी थोडी सोडतात, आणि वाक्याच्या शेवटाला पोटाचे स्नायू खालून रेटा देतात. एक लांब वाक्य म्हणजे एवढी माणसं एका दोरीला लागलेली असतात, मंडळी. होडी ओढतात तशी.

आता शिमग्याचा दिवस आठवा. मी आठवण करून देतो, कारण तुम्हाला सोयीचं तेवढंच आठवतं.

सख्या उभा राहिला. शेवटचं वाक्य धरलं. "बा म्हाराजा, जो कोण लेकरू चुकला आसंल, वाकडा बोलला आसंल, त्याला..." आणि थांबला. तोंड उघडं. शब्द नाही. मी समोर होतो. त्याचे खांदे कानाला लागलेले मी पाहिले.

आणि तुम्ही काय केलंत? मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, भाकर आडाकली काय हो?" सगळी सहाण हसली. दिगू, तूच तो. खाली बघू नकोस. मग मानकऱ्यांनी फर्मावलं, "पयल्यापासून म्हना." त्याने पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथेच तुटलं. "परत!" मी पुढे होऊन म्हणालो, अरे, त्याला बसू द्या, माणूस दमलाय. तर अनंता, तू मला काय म्हणालास? "मास्तर, ही तुमची कविता नाय." मास्तर नव्हतोच मी कधी, पोस्टात होतो. पण कविता म्हणणारा प्रत्येक जण तुम्हाला मास्तर वाटतो, आणि मास्तर म्हणजे वेडा वाटतो.

दमलेल्या बैलाला तरी कुणी पुन्हा चढावर घालतं का? थकलेला स्नायू पुन्हा पुन्हा राबवला तर तो अजून थकतो. तो काय देवाची आज्ञा म्हणून बळकट होणार होता?

तिसऱ्यांदाही तुटलं तेव्हा कौल लावलात. देवाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्यात. डावी आधी पडली. झालं, देव कोपला! पाकळी वाळली की पडते हो, मंडळी. जी आधी वाळेल ती आधी पडते. त्या दिवसापासून सख्याच्या पायरीवर कोण चढलं? शेजारी शेणी-गोवऱ्या मागायला यायचे तेही बंद झाले. तो निजेना, रात्ररात्र खाटेवर बसून राहायचा, तर तुम्ही म्हणालात, "देव झोपू देत नाय त्याला." अरे, आडवा झाला की पोटातलं सगळं त्या लुळ्या पडद्यावर चालून यायचं! बसला की थोडं खाली उतरायचं, म्हणून बसायचा बिचारा. आणि झोपेत बाकीचे मदतनीस ढिले पडतात, सगळा भार एकट्या पडद्यावर येतो. म्हणून झोप त्याला धरवत नव्हती. त्यात देवाचा काय संबंध?

छातीचा फोटो काढला तर स्वच्छ निघाला. मग काय, तुम्हाला रानच मोकळं. "फोटोत कायच नाय. नाटका करतोय म्हातारा." अरे, फोटो काढलात तो फुफ्फुसाचा. भाता धडधाकट होता, ओढणाऱ्याचा हात लुळा पडला होता, तो त्या फोटोत कुठून दिसणार?

शेवटी मीच त्याला एसटीत घालून रत्नागिरीला नेला. हातखंब्याला गाडी थांबली तर म्हणाला, "बाळ्या... भजी... खाऊ." तीन शब्दांत दोनदा थांबला. डॉक्टरीणबाई तरुण, पण शांत. म्हणाल्या, "आजोबा, एका श्वासात आकडे म्हणा बघू." हा म्हणतो, "आकडे नको. कविता म्हणू?" त्या हसल्या. "म्हणा." गलबताची कविता सुरू झाली, आणि पहिली ओळसुद्धा बंदरात पोचली नाही.

मग बाईंनी त्याला उताणं निजवलं. पोटावर हात ठेवला. म्हणाल्या, "घ्या श्वास." मंडळी, छाती वर गेली आणि पोट आत गेलं. आत! बाई मला म्हणाल्या, "पाहिलंत? पडदा खाली यायच्या ऐवजी वर ओढला जातोय." मी पाहिलं. मला त्या हाताच्या जागी पाटी दिसत होती. साऱ्या जन्मात पहिल्यांदा सख्याची पाटी बुडत होती.

नसांचा आजार निघाला. पडद्याला मेंदूचा हुकूमच पोचत नव्हता. बरा होणारा नव्हता, हे बाईंनी लपवलं नाही. पण रात्री लावायचा मुखवटा आणि यंत्र दिलं, हवा आत ढकलणारं. पहिल्या रात्री तो झोपला. काशीवहिनी सकाळी मला सांगायला आल्या तेव्हा रडत होत्या. "भावजी, घोरले हो," म्हणाल्या. आणि तुम्ही? "देवाला तोंड दाखवायची लाज, म्हणून जाळी बांधलान तोंडाला." हेही याच गावात बोललं गेलं. मी नाव घेत नाही. नाव घेतलं तर सभा उठेल.

अनंता, तू शहरात व्यायामशाळेत जातोस. आरशापुढे दंड फुगवतोस, फोटो टाकतोस. हा एक स्नायू फुगवून दाखव. आरशात दिसायचा नाही. त्याचा फोटो तुझ्या मंडळाच्या फलकावर लागायचा नाही. जन्मल्यापासून एक रजा न घेता तो राबतोय, तू इथे बसून सख्याच्या घराला वाळीत टाकत होतास तेव्हाही राबत होता. तुझ्या त्या भाषणालाही हवा त्यानेच पुरवली. माझं चाललं असतं तर तेवढ्यापुरता मी त्याला संपावर पाठवला असता.

बसतो आता. पण एक काम राहिलंय.

सख्या "त्याला" या शब्दावर थांबला होता. पुढे काय होतं, आठवतंय कुणाला? "त्याला पदरात घे म्हाराजा." एवढंच. ज्या वाक्यासाठी तुम्ही त्याला माफ केलं नाहीत, ते माफीचं वाक्य होतं. ते मी आज पुरं करतो. एका दमात नाही. माझ्यातही तेवढा दम नाही. मध्ये थांबून, दोनदा श्वास घेऊन म्हणतो, आणि बघू देव ऐकतो की नाही. पालखी त्या अंगणात जावी असं ज्याला वाटतं त्याने उत्तर द्यावं. बाकीच्यांनी गप्प बसावं, मला तोंडं बघू दे.

बा म्हाराजा... जो कोण लेकरू चुकला आसंल, वाकडा बोलला आसंल... त्याला पदरात घे म्हाराजा.

...

कोण बोललं? वहिनी, तुम्ही?

बायकांनी "व्हय" म्हणायचं नसतं म्हणे. ऐकलंत ना, मंडळी? तिने तुमच्यासाठी म्हटलं. चुकलेली लेकरं तुम्ही आहात, आणि तिने "व्हय" म्हटलं. आता तरी?

...हं. ऐकू आलं. दिगू, तुझा आवाज सगळ्यात मोठा. बरं झालं. अनंता, तुझा अजून नाही आला. मी शिमग्यापर्यंत थांबतो. पालखीच्या पुढे त्या अंगणात मी उभा असेन.

आता सगळे उभे राहा. सख्यासाठी दोन मिनिटं शांत राहायचं आहे. टोप्या काढा. उजवा हात बरगड्यांच्या खाली, पोटावर ठेवा. असा. श्वास आत घ्या. हात वर येतोय? तो सख्याचा येत नव्हता.

घ्या श्वास, सावकाश. आणि खांदे उचलू नका.