सात बदाम

रॉकेलच्या रांगेत माझ्या पुढं दोघी उभ्या होत्या. एक आमच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई, दुसरी त्यांच्याकडं दूध घालणारी बावड्याची हौसाबाई.

"जत्रांच्या कुस्त्या सुरू झाल्या. पोराचा खुराक कसा भागवता हो, हौसाबाई?"

"एका म्हशीचं दूध समदं त्याला. घरात चार म्हयनं कोरा च्या."

"आणि बदाम?"

"रोज सात. कुटत न्हाय, सहाणेवर उगाळायचं. कुटलं की निम्मं खलबत्त्यालाच चिकटतंय."

"उगाळायला वेळ लागत असेल."

"तासभर. मालक उगाळत्यात."

"ते? ते तर स्वतः पैलवान होते ना?"

"व्हय की. जवानीत मुठीमुठीनं बदाम खाल्ल्यात. आता सात उगाळून झालं की सहाण धुत्यात, त्ये पाणी बी पोराच्या पेल्यात."

"बोटांना लागलेलं तरी चाटत असतील."

"न्हाय वो. बोटं बी त्याच पेल्यात धुत्यात."

"रोज?"

"रोज. एकदा म्या म्हटलं, आवो, एक बोट तरी चाटा. तर म्हणालं, माझ्या कुस्त्या झाल्या."